मिसलवाले बापूकाका

गारखेड्यात खोली बघायला गेलो तेव्हा शेजारच्या ओट्यावर एक किडकिडीत गृहस्थ कात्रीनं पेपर कापत बसले होते. चष्म्यावरून माझ्याकडं बघत त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "खून केलाय का कुणाचा?"

"नाही हो!"

"करावासा वाटला?"

"आत्ता वाटायला लागलाय," मी म्हणालो. मी मूळचाच तापट, त्यात डोक्यावर एप्रिलचं ऊन.

"व्वा! वजह बोला, वजह!" ते खूश होऊन सरकून बसले. "या, चहा घ्या."

हे बापूराव वैजापूरकर. पोलीस ॲक्शननंतर कोर्टातली उर्दू गेली नि मराठी आली, तेव्हा जुने कागद मराठीत उतरवायला जे कारकून घेतले, त्यातले एक. केसच्या कागदांना निजामाच्या काळात मिसल म्हणत. काका रिटायर झाले तरी मिसलच म्हणायचे, म्हणून गल्लीत नाव पडलं मिसलवाले काका. एका नव्या भाडेकरूनं तर रविवारी सकाळी डबाच आणला होता. काकांनी विचारलं, "कुणाची हवी?" तो बिचारा म्हणाला, "कुणाचीही द्या, तिखट असली म्हणजे झालं."

त्या काळातले किस्से काकांकडं पोत्यानं होते. उर्दूत खून म्हणजे रक्त, आपल्याकडं खून म्हणजे खून. एका नवशिक्या कारकुनानं साक्षीदाराचं 'मेरी नाक से खून निकला' मराठीत जसंच्या तसं उतरवलं, 'माझ्या नाकातून खून निघाला.' न्यायाधीशांनी गंभीरपणे विचारलं, "कुणाचा?"

लग्न त्यांनी केलं नव्हतं. स्वयंपाक हातानं. त्यांचा सगळा जीव एकाच प्रश्नात अडकलेला: माणूस माणसाला का मारतो? पेपरातली प्रत्येक बातमी कापायची, तुरुंगातनं सुटून आलेला कुणी कळला की एसटीनं कन्नड काय नि पैठण काय, हुडकत जायचं, आणि समोर बसून विचारायचं, "त्याच्या आधी बोलणं काय झालं होतं?" लोक शिव्या घालत, काही जण रडत. काका दोन्ही लिहून घेत.

"जर, जोरू, जमीन हा आळशी फौजदारांचा मंत्र आहे, शेळके," ते मला सांगायचे. "पंगतीत रश्श्यावरून खून झाला, असं छापतात. रश्श्यावरून कोण मारतं? वाढप्यानं त्याला त्याच्या जावयासमोर वगळलं होतं. ते कुठं छापलंय? आणि दुसरं सांगतो, खून 'करणारा' मला आजवर भेटला नाही. जो तो म्हणतो, माझ्या हातून 'झाला'. शिंक आल्यासारखा!"

नळावर बायका भांडायला लागल्या की हा माणूस वही घेऊन मध्ये उभा. "थांबा! 'सटवे' आधी कोण म्हणालं? त्याच्या आधी काय झालं?" असं विचारल्यावर भांडणात काय राम राहतो? बायका घागरी उचलून घरी जायच्या, जाताना काकांच्या नावानं बोटं मोडायच्या. स्वतःच्या घरात भाजीची सुरी ते पेपरात गुंडाळून, दोऱ्यानं बांधून माळ्यावर ठेवत. "ज्या घरात हत्यार शोधावं लागतं तिथं राग निम्मा होतो," म्हणत. कांदा चिरायला त्यांना पाऊण तास लागायचा.

मी हसायचो. पण खरं सांगायचं तर मला हसायचा काही हक्क नव्हता. शेंद्र्याच्या पुढं आमचं गाव. थोरल्या भावात नि माझ्यात एकच विहीर, एकच मोटार, तीन-तीन दिवसांची पाळी. दोन वर्षांपासून दादानं धंदा चालवला होता: माझी पाळी आली की मोटारीचे फ्यूज काढून खिशात घालायचे नि गावात निघून जायचं. मी पाटबंधारे खात्यात कारकून, आणि माझाच गहू पाण्यावाचून वाळायला लागलेला! ऑफिसात लोक चिडवायचे. भावाशी बोलणं बंद, वहिनीच्या हातचा घोटभर चहा बंद. गावाकडनं सालगड्याचा निरोप आला की माझी कानशिलं तापायची नि मी सगळं काकांसमोर ओकायचो.

एका शनिवारी निरोप आला, उरलेला गहूपण गेला. मी सरळ शहागंजात गेलो, कुऱ्हाडीला नवा दांडा बसवून आणला नि ओट्यावर धार लावत बसलो. काका आले, समोर उकिडवे बसले.

"कशाला हो?"

"बाभळी तोडायच्यात. उद्या गावाकडं जातोय."

"अस्सं," काका म्हणाले. "बाभळीचं नाव काय?"

मी उसळलो. म्हणालो, "काका, तुमचं तोंड आवरा! ज्याचं जळतं त्यालाच कळतं!"

ते रागावले नाहीत. "दादा फ्यूज का काढतो?"

"मला काय माहीत? मस्ती, दुसरं काय!"

"विचारलंत?"

"त्याला काय विचारायचंय, डोंबल!"

काका उठून आत गेले. लाल फडक्यात बांधलेली एक मिसल आणून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली. अक्षर त्यांचंच, तरुणपणीचं, ठळक. आरोपीच्या नावापुढं आडनाव होतं वैजापूरकर. मयताच्या नावापुढंही तेच.

"माझे वडील, अण्णा," काका म्हणाले. "आणि माझे चुलते. सख्खे भाऊ. मी तेव्हा हैदराबादला शिकत होतो. पुढं अण्णांची शिक्षा कमी करण्याचा अर्ज आला, तेव्हा हे कागद मराठीत करायला माझ्याच टेबलावर पडले. हे माझे वडील, असं साहेबाला बोललो नाही. सगळं उतरवलं. कुऱ्हाड किती लांब, घाव किती खोल. शेवटी 'वजह' असं लिहिलेलं, पुढं 'नामालूम'. मी लिहिलं, 'कारण समजले नाही.'"

मी शेवटचं पान काढून बघितलं; तेच लिहिलेलं होतं.

"अण्णा सुटून आले. अकरा वर्षं माझ्याजवळ राहिले. समोर जेवायला बसायचे. गावोगावच्या खुन्यांना मी विचारत फिरलो, शेळके, आणि घरातल्याला ताट वाढून गप्प बसायचो. रोज वाटायचं, आज विचारू. तसेच गेले ते."

"का नाही विचारलं?"

"भीती वाटायची," काका म्हणाले. "कारण फारच लहान निघालं तर?"

एवढं बोलून त्यांनी मिसल बांधली. पहिल्यांदाच मला एकेरीत म्हणाले, "जा बाळा. रिकाम्या हातानं जा. मारायचं नंतरही मारता येईल, पण आधी विचार."

सकाळच्या एसटीनं गेलो. दादा विहिरीवरच होता. मला बघून त्याचा हात खिशातल्या फ्यूजवर गेला. माझा आवाज चढलेलाच होता, पण शब्द तेवढे काकांचे निघाले, "दादा, का करतोस असं? मी काय केलंय तुझं?"

दादानं हात खिशातनं काढला. मग मान खाली घालून म्हणाला, "तुझ्या पोरीच्या बारशाला आलो होतो. धोतर नवं नेसून आलो होतो, लुगडं घेऊन. तुझा साहेब आला. त्यानं इचारलं, हे कोण? तू म्हणलास, 'हे आमची शेती बघतात.' भाऊ हाय म्हणायला तुझी जीभ झडली व्हती का रं?"

देवाशप्पथ, मला आठवत नव्हतं. आणि मी म्हणालो असणार, हेही मला पक्कं ठाऊक होतं. धोतरातला भाऊ साहेबासमोर लपवला होता मी. मी दादाचे पाय धरले. तो "अरं सोड, सोड, लोक बघतात" म्हणत स्वतःच रडायला लागला.

संध्याकाळी परतलो तर काका ओट्यावर वाट बघत बसलेले, समोर वही नाही. मी घडलं ते सांगितलं. त्यांनी दोनदा ते वाक्य माझ्याकडून म्हणवून घेतलं. हे आमची शेती बघतात.

"एवढंच?"

"एवढंच, काका."

त्यांनी चष्मा काढला नि धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले. मग लहान पोरासारखं विचारलं, "मी विचारलं असतं, तर अण्णांनी सांगितलं असतं का हो?"

मला काय माहीत? त्या माणसाला मी पाहिलंसुद्धा नव्हतं. पण मी काकांच्या शेजारी सरकून बसलो नि म्हणालो, "सांगितलं असतं. तेपण वाटच बघत असतील."