टोकन ज्याच्या हातात

गाडी सुटायला वीस मिनिटं उरली होती आणि टोकन हरवलं होतं. गाडी हातभर लांबीची होती आणि जेवणाच्या टेबलावरून निघून, भिंतीला पाडलेल्या भोकातून फक्त स्वयंपाकघरातल्या फ्रिजपर्यंत जात होती, हे खरं. पण निवृत्त स्टेशनमास्तरांच्या छातीतली धडधड पूर्ण मापाची होती.

ज्या एकेरी लाइनवर मास्तरांनी नोकरीची पहिली वर्षं काढली, ती केव्हाच उखडली गेली होती. जुने फोटो आणि वेळापत्रकं जमवून त्यांनी ती प्लायवूडवर पुन्हा उभी केली, फलाटावरच्या मोडक्या बाकासकट. मागची खोली रिकामी होती, पण तिथं बोगदा सरळ आला असता आणि मूळ बोगद्याला वळण होतं. म्हणून आठ महिने घरातली माणसं ताट मांडीवर घेऊन जेवत होती. आज अकराला छंदमंडळाचे परीक्षक येणार होते. त्यांना पसंत पडली तर गाडी प्रदर्शनात जाणार होती. आपली लाइन चार लोकांनी पुन्हा चालताना बघावी, एवढीच मास्तरांची इच्छा होती.

"बाबा, सरळ बटण दाबा ना," जावई म्हणाला. "टोकन म्हणजे ती पितळेची चकतीच ना?"

"चकती? अहो, एका लाइनला एकच टोकन! टोकन ज्याच्या हातात, लाइन त्याची. ड्रायव्हरला ते दिल्याशिवाय मी उभ्या नोकरीत एक गाडी सोडली नाही. समोरून दुसरी आली म्हणजे?"

"पण आपल्याकडे दुसरी गाडीच नाहीये."

"म्हणून नियम मोडायचा?"

मग शोधाशोध सुरू झाली. सगळ्या पँटींचे खिसे उलटे झाले. व्हॅक्यूम क्लीनरची पिशवी सोफ्यावर रिकामी झाली. जावयानं स्वतःच्या शर्टाचं बटण तोडून पुढं केलं.

"बनावट टोकन!" मास्तर किंचाळले. "आत जाल, जावईबापू!"

तेवढ्यात बेल वाजली. परीक्षक दहा मिनिटं आधीच आले होते, आणि वेळेआधी येणं मास्तरांच्या लेखी उशिरा येण्याइतकंच वाईट होतं. परीक्षक सोफ्यावर टेकले, धुळीचा लोट उठला आणि त्यांना ओळीनं सहा शिंका आल्या.

"चालवा की आता," ते नाक पुसत म्हणाले. "मला अजून दोन घरी जायचंय."

"साहेब, गाडीत चौदा प्रवासी आहेत."

परीक्षकांनी वाकून पाहिलं. नखाएवढे चौदा प्रवासी गोंदानं चिकटून बसले होते आणि कुणालाच घाई दिसत नव्हती.

इतका वेळ मुकाट्यानं भाजी चिरणाऱ्या मास्तरांच्या बायको हात पुसत बाहेर आल्या. "अहो, टोकन हरवलं तर दोन्हीकडच्या मास्तरांनी लेखी परवानगीवर गाडी सोडायची. रेल्वेच्या क्वार्टरात जन्म गेला माझा, एवढं मलाही कळतं."

"अगं, पण पलीकडच्या स्टेशनला मास्तर आहे कुठं?"

"पलीकडचं स्टेशन कुठंय?"

"फ्रिजवर."

"आणि फ्रिज कुणाच्या हद्दीत येतो?"

मास्तरांनी खिशातलं पेन काढून पुढं केलं. बायकोनं वाणसामानाच्या यादीमागं चार ओळी खरडल्या. मास्तरांनी त्या मोठ्यानं वाचल्या, "गाडी सोडण्यास हरकत नाही. अट एकच. सोमवारच्या आत सगळी लाइन मागच्या खोलीत हलवावी." त्यांचा आवाज चिरकला. "अगं, बोगदा सरळ होईल!"

"होऊ दे."

"असली अट नियमात बसत नाही!"

"मग गाडी सुटत नाही."

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. मास्तरांनी सही केली, खाली तारीख आणि वेळही घातली. गाडी शिट्टी देत बोगद्यात शिरली आणि फ्रिजवर सुखरूप पोचली. परीक्षकांनी तिथल्या तिथं तिची निवड केली. टोकनावाचून गाडी अडवून धरणारा माणूस त्यांनी प्रथमच पाहिला होता. मास्तरांचे डोळे भरून आले. ते धुळीमुळे, असं त्यांनी सगळ्यांना दोनदा सांगितलं.

सोमवारी सगळे टेबलाभोवती जेवायला बसले. कोपर टेकायला जागा मिळाल्यानं जावई हरखून गेला होता.

"भाजीत मीठ कमी आहे," म्हणत मास्तरांनी मिठाच्या बरणीत चमचा खुपसला. मिठाबरोबर पितळेची चकती वर आली.

मास्तर चकतीकडे बघत राहिले, मग बायकोकडे. "म्हणजे... हे तुझ्याकडं होतं?"

बायकोनं चमच्यातली चकती उचलली, फुंकर मारून मीठ झाडलं आणि मुठीत धरली.

"तुम्हीच म्हणता ना, टोकन ज्याच्या हातात, लाइन त्याची? ताट सरकवा जरा, भाताचं पातेलं यायचंय."

मास्तरांनी मुकाट्यानं ताट सरकवून भाताच्या पातेल्याला लाइन क्लिअर दिली.