दहापैकी चार

“जे पाहिलं नाहीस ते लिहू नकोस!”

चौथीच्या वर्गातला हा आवाज अजून कानात आहे. आईच आमच्या वर्गाची बाई होती, आणि ‘आमची गाय’ या निबंधात मी गाईची शेपटी तीन हात लांब लिहिली होती. “मोजलीस का?” गाय आमच्याकडे नव्हतीच!

आता मी डॉक्टर आहे. दम्याचे रुग्ण मोठ्या दवाखान्यातल्या छातीच्या डॉक्टरांकडे पाठवतो. सोबत चिठ्ठी : ‘दमा. पाहावे.’ एकदा त्यांचा फोन आला.

“अहो, ही चिठ्ठी की तार? रात्री जाग येते का, धाप कधी लागते, औषधाचा पंप नीट ओढतात का, काही लिहाल की नाही? धापा टाकणाऱ्या माणसाकडून मी काय काय वदवून घेऊ?”

झोंबलं! म्हटलं, आता असं पत्र लिहितो की चौकटीत लावतील! पहिला मान आईचा; दमा तिलाही होता. महिनाभर ती जिन्याच्या चौथ्या पायरीवर थांबून भिंतीचा रंग न्याहाळत होती.

सकाळी माझा एक मोजा पायात, एक हातात.

“आई, रात्री जाग येते?”

“छे!”

“पंप नियमित?”

“घड्याळ लावून घे!”

“नीट ओढतेस ना?”

“आता तू मला शिकवणार?”

झालं! दोन पानं झरझर उतरली. ‘पंप ओढण्याची पद्धत उत्तम’ याखाली मी रेघसुद्धा मारली. पत्र आईच्या हाती देऊन तिला त्या डॉक्टरांकडे धाडलं आणि कामाला पळालो. आई निवृत्त झाली होती; तिच्या पर्समधलं लाल पेन झालं नव्हतं, हे विसरलो!

दुपारी त्यांचा फोन.

“डॉक्टर, पत्र झकास. पण यावर लाल शेरे आहेत! ‘जाग येत नाही’ खोडून ‘रोज तीनदा’. ‘पंप नियमित’वर काट. ‘पद्धत उत्तम’पुढे हे एवढं प्रश्नचिन्ह. खाली, ‘न पाहता लिहिले. दहापैकी चार.’ मी तर पत्रावर विसंबून औषध वाढवायला निघालो होतो!”

“चार तरी कशाचे?”

“‘चौथ्या पायरीवर थांबते’ एवढ्याला बरोबरची खूण आहे. बाकी विचारलं की बाई गप्प. तुम्ही याच!”

गेलो. उंच स्टुलावर बसून आई भिंतीचा रंग न्याहाळत होती.

“खोटं का सांगितलंस गं?”

“फिकट हिरवा बरा दिसतो, नाही?”

डॉक्टर म्हणाले, “बाई, पंप ओढून दाखवा.”

“आधी हा दाखवेल.”

मी ऐटीत श्वास सोडला, पंप तोंडात धरला, दाबला. काही नाही! पुन्हा दाबला. डॉक्टर खिडकीबाहेर पाहू लागले.

“बाळा,” आई हळूच म्हणाली, “टोपण.”

आणि ती हसली! इतकी हसली की छातीतली बारीक शिट्टी वाजू लागली, दाराच्या फटीतून वारा यावा तशी. भिंतीपलीकडे झोपून मी ती एका रात्रीही ऐकली नव्हती.

शिट्टी ओसरल्यावर तिने माझा हात धरला.

“चला, तुलाही येत नाही! मग सांगते. तो पंप दाबायला माझ्या बोटांत जोरच उरला नाही रे. जन्मभर पोरांना सांगत आले, येत नसेल तर विचारा. आणि मलाच लाज वाटली. नाही येत मला. शिकव.”