देवघरातला फुकटचा दिवा

देवघरातला दिवा हवेतल्या लहरींवर लावायचा, असं कोथरूडच्या श्यामरावांनी ठरवलं तेव्हा त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला जेमतेम आठवडा झाला होता. डोळा निवळेपर्यंत मोबाईल बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण श्यामराव स्वस्थ बसणाऱ्यांतले नव्हेत. त्यांनी तांब्याची तार वाकवून तिला डायोड जोडला आणि ती अँटेना देवघरावरच्या फळीवर वायफायच्या राउटरला खेटून ठेवली. राउटरच्या लहरींची वीज झाली आणि खालचा इवलासा एलईडी खरोखर लागला!

"हे कुठे शिकलात?" त्यांच्या बायकोनं, हेमाताईंनी, कौतुकानं विचारलं.

"कॉलेजातलं आठवलं." (श्यामराव बी.कॉम. होते.)

डोळा मात्र लाल तो लालच. हेमाताई बिचाऱ्या वेळच्या वेळी थेंब घालत. ठसका नको म्हणून त्यांनी फोडणी बंद केली आणि स्वतःही मुकाट्यानं तसलंच फिक्कं वरण जेवू लागल्या. पुण्याच्या पार दुसऱ्या टोकाला, विश्रांतवाडीला, त्यांच्या बहिणीच्या नातीचं बारसं होतं, चार दिवस राहायला जायचं कधीचं ठरलं होतं. "डोळा असा असताना कशी जाऊ?" म्हणत त्यांनी भरलेली बॅग रिकामी करायला घेतली. श्यामरावांना फार अपराधी वाटलं.

तेवढ्यात शेजारचा पुष्कर दिवा बघायला आला. तो इंजिनियर, म्हणजे जाणकार श्रोता. श्यामराव खुलले.

"काका, हा मधूनच मंद का होतो?"

"सोप्पं आहे. राउटर निवांत असला की मंद. घरात कुणी व्हिडिओ लावला की राउटर कामाला लागतो, आणि मग बघ कसा लखलखतो!"

"दुपारी मी पाणी प्यायला उठते तेव्हा रोज लखलखत असतो," हेमाताई सावकाश म्हणाल्या. "मी समजत होते, देव प्रसन्न झाला. घरात आपण दोघंच, आणि तुम्ही तर डोक्यावरून चादर घेऊन झोपलेले असता."

श्यामराव पुष्करकडे बघू लागले. पुष्कर गणपतीकडे बघू लागला.

"अहो, काय बघत होतात चादरीत?" हेमाताईंच्या आवाजात रागापेक्षा दुखावलेपणच जास्त होतं.

"हाच दिवा मोठा कसा करायचा ते." श्यामरावांनी मान खाली घातली. "चुकलं माझं. तू जा बारशाला. मी मोबाईलला हातसुद्धा लावणार नाही."

हेमाताईंनी साड्या पुन्हा बॅगेत ठेवल्या आणि चेन ओढली.

"करा की मोठा," त्या म्हणाल्या. "मला विश्रांतवाडीहून दिसेल एवढा करा."