मरळीचा मधला तुकडा

थर्मामीटर झटकून पारा खाली आणतात, एवढं मला ठाऊक होतं. कुठं उभं राहून झटकायचं, हे ठाऊक नव्हतं. माझा हात खांबावर आपटला, नळी फुटली आणि फरशीवर चांदीच्या गोळ्या पळू लागल्या. मी मोठ्या हुशारीनं त्या पुठ्ठ्यावर गोळा केल्या आणि दारासमोरच्या नालीत ओतल्या. नेमके तेव्हाच दादा आले.

दादा म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. रेणापूरला आमच्याच गल्लीत राहायचे, शाळेत विज्ञान शिकवायचे. एकटा जीव, आणि कायम कुणावर तरी खवळलेला. त्या दिवशी त्यांनी 'जयभीम'सुद्धा घातला नाही.

"नालीत टाकला? दाजी, ही नाली कुठं जाती?"

"तळ्याकडं."

"तळ्यात काय हाय?"

"पाणी. म्हणजे, होतं."

"मासे हायत, मासे! अन् ते कोण खातंय? तुमचीच लेकरं!"

मग सगळ्या गल्लीदेखत त्यांनी मला नालीत वाकायला लावलं आणि सापडतील तेवढ्या गोळ्या बाटलीत भरून घेतल्या.

पारा हा दादांचा जन्माचा वैरी. वर्षा-दोन वर्षांनी दुष्काळ पडायचा, पेरायला ओल नसायची. पेरणीविना उरलेलं, औषध लावलेलं बियाणं लोक तळ्यात धुवायचे आणि कोंबड्यांना घालायचे. त्या औषधात पारा. त्याच तळ्यात ठेकेदारानं मरळी पाळलेल्या, त्यांना खायला बारकी मासळी सोडलेली. दादा काठावर उभे राहून ओरडायचे, "पारा मरत न्हाई बाबांनो, मुक्काम बदलतो! गाळातून किड्यात, किड्यातून बारक्या मासळीत. मरळ ती बारकी गिळून गिळून मोठी होती अन् सगळ्यांचा पारा एकटीच्या मांसात साठवून बसती. धुवा, तळा, उकळा, निघायचा न्हाई!"

"गुर्जी," एखादी बाई घागर टेकवून म्हणायची, "हितं मान्साला पानी न्हाई, अन् तुमी माशाची तब्येत बघून राह्यलात!"

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेऱ्यांवर पाट्या लागल्या होत्या, खुर्च्या यायच्या होत्या. "आता जिल्हा आपला हाय," म्हणत दादा एक मरळ ओल्या फडक्यात गुंडाळून एसटीनं गेले आणि कुठल्याशा कचेरीत तपासणीसाठी देऊन आले. आठ दिवसांनी निकाल विचारायला गेले, तर शिपाई म्हणाला, "सायेब म्हनले, चवीला झ्याक होती."

दादा परत आले ते स्टँडापासूनच ओरडत. "जिल्हा झाला म्हणून पेढे वाटले आपण! अन् ह्यांनी नमुना कालवणात घातला!"

इथवर मीही त्यांच्या बाजूनं चिडलो असतो. पण हाच माणूस आमच्या घरी जेवायला बसला की बायकोला म्हणायचा, "शांते, मधला तुकडा हिकडं."

मरळीचा मधला तुकडा! तो जावयाचा मान. पण दादा आधी तो घ्यायचे, मग डोकं, मग लेकरांच्या ताटांतूनही मोठं मोठं उचलायचे. माझ्या वाट्याला रस्सा आणि पाऱ्यावरचं व्याख्यान. विष म्हणायचं आणि तेच हाणायचं, असा हावरट मी तरी दुसरा पाहिला नव्हता. बायकोला मी हे बोलून दाखवायचो. ती भाकरी थापत राहायची.

आणि मग आमची सुमी पहिल्या बाळंतपणाला आली. सातवा महिना, आणि तिला डोहाळे लागले मरळीचे. तळं आटत आलं होतं, ठेकेदार मिळेल त्या भावाला मरळी विकत होता. मी हाताएवढी लांब मरळ आणली आणि घरात बजावलं, "दादांना कळू द्यायचं नाही."

ताटं वाढली आणि दादा दारात. हातात रुमालात बांधलेली बारकी मासळी.

"सुमे, ही खा. ती दे हिकडं."

"मामा, एक तरी तुकडा..."

"पोटातल्या लेकराचा मेंदू आता घडून राहिलाय, बाई. माझा घडला तेवढा घडला. त्यात आता काय बिघडायचंय?"

आणि त्यांनी तिच्या ताटातले सगळे तुकडे आपल्या ताटात ओढले. पोरीच्या डोळ्यांना पाणी आलं. मी उठून उभाच राहिलो.

"दादा, लाज वाटू द्या! पोटुश्या पोरीच्या तोंडचा घास काढता?"

"बोला दाजी, बोला," ते म्हणाले. "पातेलं सरकवा."

ते सगळी मरळ जेवले. डोळे मिटून, प्रत्येक घासाला पाण्याचा घोट घेत. दुष्काळात तांब्याभर पाणी संपवलं! मग हात धुऊन निघून गेले.

मी रात्र होईपर्यंत धुमसत होतो. "एवढं विष आहे, तर फेकून द्यायची होती! खायची कशाला?"

"फेकली असती तर तुमीच धुऊन परत आणली असती," बायको म्हणाली. ती सुमीसाठी बारकी मासळी साफ करत बसली होती. "दादाला मासा आवडतच न्हाई. लहानपणी वासानंच ताट सोडून उठायचा. आपली सुमी भाकरीसंगं मासा खायला लागली ना, तवापासून खाऊन राहिलाय त्यो."