हॉबीचा रकाना

बायोडाटातला हॉबीचा रकाना कोरा ठेवायचा होता. एवढीच अक्कल दाखवायची होती, तीही मला जमली नाही.

मिल बंद होऊन चार वर्षं झाली. सत्तावीस वर्षं मी तिथे टाइम ऑफिसात होतो, म्हणजे बाकीचे लोक किती वाजता आले ते लिहायचो. (मी किती वाजता आलो ते कुणी लिहीत नव्हतं, बरंच होतं.) तेव्हापासून घर आमच्या कस्तुरीच्या फॉल-पिकोवर चाललंय. हल्ली तिला सुईत दोरा ओवता येत नाही. तीनदा प्रयत्न करते आणि मग न बोलता सुई माझ्या हातात देते. त्यापेक्षा चार शब्द सुनावलेले परवडले असते.

तर सांवेर रोडवरच्या एका नव्या फॅक्टरीला स्टोअरकीपर पाहिजे होता. बायोडाटा टाइप करणारा हृषीकेश म्हणाला, "काका, हॉबी क्या लिखूँ? आजकाल आधी तेच बघतात."

"हॉबी? दुपारी जरा पडतो."

"ते नाही चालत. गिटार लिहितो. नुसती नाही, ब्लूज गिटार! इंदुरात कोण तपासायला बसलंय?"

आठव्या दिवशी पत्र आलं. मालकांचे चिरंजीव रजतजी अमेरिकेत शिकून आलेत, ते स्वतः ब्लूजचे भक्त आहेत, तरी तीन आठवड्यांनी मुलाखतीला गिटार घेऊन यावे.

"खरं काय ते सांगून टाकतो," मी म्हटलं.

"चार वर्षांत पहिला कॉल आलाय," कस्तुरी म्हणाली. "काही सांगायचं नाही. शिका."

"गिटार? या वयात?"

"माझे डोळे जायच्या आत काय वाट्टेल ते शिका."

स्नेहलतागंजात नंदू राहतो. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. त्याने एक जुनी गिटार दिली आणि थोर थोर वादकांची व्हिडिओ कॅसेट लावली. "भिया, ये दुखी लोगों का संगीत है. प्रत्येकाची स्टाइल वेगळी. एक तरी पकडा."

पहिला थोर पुरुष तार अशी पिळायचा की सूर रडायचा. मी पिळली तर मीच रडलो. (बोटाला फोड आला, दोन दिवस वरण ओरपून जेवलो.) दुसऱ्याचा हात दिसेना इतका जलद चालायचा, त्याला लांबूनच नमस्कार केला. तिसरा एक सूर वाजवून बराच वेळ गप्प बसायचा. ही स्टाइल मला तत्काळ आली. टाइम ऑफिसात आम्ही सगळे असंच काम करायचो.

"पण नुसतं गप्प बसून नोकरी नाही ना मिळत," नंदू म्हणाला. "स्लाइड करा. बोटात नळी घालायची आणि तारेवरून सरकवायची, बस."

नळी घरातच होती. मिल बंद झाली त्या दिवशी जो तो काही ना काही उचलून निघाला. कुणी पंखा नेला, कुणी खुर्ची. माझ्या वाट्याला सूत गुंडाळायची एक पोकळ लोखंडी बॉबिन आली. ती करंगळीत घालून तारेवरून सरकवली, तर असा काही हंबरडा निघाला की शेजारच्या इंदुमतीबाई धावत आल्या.

"काय झालं गं कस्तुरी? मांजर अडकलं का कुठे?"

"नाही हो. हे आहेत."

मुलाखतीच्या दिवशी सकाळी शेवटची तालीम केली आणि करंगळी सुजली. बॉबिन निघेना. तेल झालं, साबण झाला, मला पोळीवर कधी मिळत नाही ते साजूक तूपही झालं. शेवटी कस्तुरीने माझ्या छातीला पाय लावून ओढलं. बॉबिन जागची हलली नाही, मी मात्र पाटावरून खाली आलो. दहा वाजले होते. तसाच टेंपोत बसलो.

रजतजींच्या केबिनमध्ये एसी होता. वयाने माझ्या मुलासारखे. "बजाइए अंकल," म्हणाले.

वाजवलं. नळी सरकली की कळ थेट खांद्यात जायची आणि तारेतून तोच हंबरडा बाहेर यायचा. (काही हंबरडे माझे स्वतःचे होते.) कळ ओसरेपर्यंत गप्प बसायचो, की झाली तिसरी स्टाइल. मध्येच मला कस्तुरीची सुई आठवली, आणि खरं सांगतो, नंतर मी काय वाजवलं ते मलाही माहीत नाही. फार वाईट वाटत होतं, एवढंच आठवतं.

थांबलो तर रजतजी चष्मा पुसत होते.

"ये स्लाइड कहाँ से ली?"

"मिल की बॉबिन है जी."

"मिल?"

"बंद हो गई."

"और घर?"

"मिसेस फॉल-पिको करती है. अब आँख से दिखता नहीं उसको."

त्यांनी उठून मला मिठी मारली. मी मनातल्या मनात त्यांच्या मस्टरवर सही केली.

"अंकल," ते म्हणाले, "ये नौकरी मैं आपको नहीं दूँगा. हर महीने पगार आएगी तो ये दर्द चला जाएगा. इतने बड़े कलाकार को मैं अपने हाथ से नहीं मारूँगा."

जागा आमच्याच मिलच्या बाळकृष्णाला मिळाली. त्याने हॉबीच्या रकान्यात 'लागू नाही' असं लिहिलं होतं. फॅक्टरीच्या फिटरने करवतीने माझी बॉबिन कापून काढली, आणि ते दोन तुकडे रजतजींनी आठवण म्हणून ठेवून घेतले.

घरी येऊन कस्तुरीला सगळं सांगितलं. तिने हातातली साडी बाजूला ठेवली.

"म्हणजे वाईट वाजवलं असतं तर नोकरी मिळाली असती?"

"तसंच दिसतंय."

तिने साडी पुन्हा मांडीवर ओढली.

"अहो, लग्न झाल्यापासून एक काम तुम्ही धड केलं नाहीत," ती म्हणाली. "नेमकं आजच करायचं होतं?"