फोन कॅन्सरला लावलाय

० टक्के

"त्या फोनला आज कुणी हात लावायचा न्हाय," शिवानंदांनी सकाळी नऊ वाजता जाहीर केलं आणि चार्जरला जोडलेला फोन माठाच्या झाकणावर ठेवला.

"का? सोवळ्यात हाय का?" त्यांच्या पत्नी विजयमालाबाईंनी विचारलं.

"कॅन्सरला लावलाय."

गोष्ट अशी होती. शिवानंदांना आयुष्यात एकदा तरी काहीतरी दान करायचं होतं. रक्तदान शिबिरातून त्यांना साखरेमुळे दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा बिस्किटाचा पुडा हातात देऊन परत पाठवलं. देहदानाचा अर्ज आणला, तर विजयमालाबाईंनी त्यावर सांडगे वाळत घातले. मग त्यांना हे ॲप सापडलं. फोन नुसता पडून असतो तेव्हा त्याचा मेंदू संशोधकांना वापरायला द्यायचा. कॅन्सरच्या औषधासाठी लाखो रेणू तपासायचे असतात, एका फोनला एक रेणू. गणित पूर्ण झालं की उत्तर आपोआप वर जातं, म्हणजे प्रयोगशाळेच्या कॉम्प्युटरकडे.

अटी तीन. फोन चार्जिंगला हवा, वायफायला हवा आणि तापलेला नको.

तिसऱ्या अटीत सोलापूर आडवं येत होतं. मे महिना, पारा चव्वेचाळीसवर. फोन तापला की ॲप काम थांबवी, आणि संध्याकाळी सहाच्या आत गणित पुरं झालं नाही की ते दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकी. शिवानंदांची तीन गणितं अशी गेली होती. तिसरं नॉर्वेला गेलं, हे त्यांना फार लागलं होतं.

"तितं बर्फ असतंय. त्यांचं काय कौतुक? सोलापुरातनं करून दाखवायला पायजे," ते म्हणाले होते. आज दाखवायचंच होतं.

३४ टक्के

अकरा वाजता माठाचं झाकणच गरम झालं. शिवानंदांनी फोन प्लास्टिकच्या पिशवीत घातला, भोवती ओला, पिळलेला पांढरा टॉवेल गुंडाळला आणि टेबलफॅन त्याच्याकडे वळवला.

"मी हितं चुलीम्होरं वितळतीया, आन् वारं फोनला?"

"तुझं काम गरम झालं म्हणून थांबत न्हाय. त्येचं थांबतं."

दुपारी ताटात भाकरी आली. भाकरीच आली.

६१ टक्के

फोन वाजू लागला. कुर्डुवाडीहून अक्कम्मांचा, म्हणजे शिवानंदांच्या थोरल्या बहिणीचा. शिवानंद हाताची घडी घालून बघत राहिले. उचलला की काम थांबणार. फोन पाच वेळा वाजून गप्प झाला आणि विजयमालाबाईंचा वाजायला लागला.

"शिवा फोन का उचलंना गं?"

"अवो वन्सं, न्हाय उचलता येत. कॅन्सरचं चालू हाय न्हवं."

पलीकडून बारीक आवाज. "कवापासनं?"

"पंधरा दिस झालं. कुणाला सांगितलं न्हाय आमी. लोकं हसत्यात."

"हसत्यात? मेल्यांनी लाज सोडली का? आन् डॉक्टर काय म्हणत्यात?"

"ते सगळे परदेशात. तितनंच बघत्यात. लई तापतंय वन्सं, ओल्या टॉवेलात गुंडाळून फॅनखाली ठिवलंय सकाळधरनं."

"अय्यो देवा! मग आता कसं हाय?"

"एकसष्ट टक्के झालंय. सांच्याला सहाच्या आत वर जाणार, म्हणत्यात."

फोन बंद झाला.

"रेंज गेली वाटतं," असं म्हणून विजयमालाबाई भांडी घासायला गेल्या.

८८ टक्के

चार वाजता लाइट गेली. चार्जर, वायफाय आणि फॅन एकदमच गेले.

"राहू द्या आता. जाऊ दे नॉर्वेला," विजयमालाबाई म्हणाल्या.

शिवानंदांनी टॉवेलाचं गाठोडं उचललं आणि ते शेजारच्या नबीसाबांकडे गेले. नबीसाब रिक्षा पुसत होते. रिक्षात चार्जर होता. नबीसाबांच्या फोनवरून वायफाय देता येत होतं. रिक्षा पळाली की वारा होता. तिन्ही अटी तीन चाकांवर उभ्या होत्या.

"नबीसाब, कंबर तलावाकडं घ्या. पाण्यावरनं गार वारं असतंय. सहाच्या आत हे वर गेलं पायजे."

नबीसाबांनी टॉवेलचं टोक उचलून बघितलं. "अण्णा, ये तो मोबाइल हय."

"व्हय."

"फिर बैठो," नबीसाब म्हणाले. गिऱ्हाइकाला ते दोन प्रश्न कधी विचारत नसत.

पुन्हा ८८ टक्के, पण घरी

त्यांची रिक्षा वळणापलीकडे गेली आणि स्टेशनकडून दुसरी आली. अक्कम्मा उतरल्या. मिळाली ती गाडी पकडून आल्या होत्या. हातात काशीहून आणलेला गंगाजलाचा गडू होता, अजून सील न तोडलेला.

"कुटं हाय?"

"आत्ताच नेलं, वन्सं. तलावाकडं."

"नेलं? थोरली भन येतीया, म्हणून थांबायचं न्हाय?"

"आवो, लाइट गेली. घरात ठिवून काय उपेग? लई तापलं असतं."

अक्कम्मांनी उंबऱ्यावरच बसकण मारली आणि गळा काढला. आपली दशा बघून अखेर कुणाला तरी रडू आलं, असं वाटून विजयमालाबाईंचेही डोळे भरले. "मी पंधरा दिस सोसतीया, वन्सं," त्या म्हणाल्या. मग दोघी एकमेकींना सावरत त्याच रिक्षात बसल्या.

९९ टक्के

तलावाच्या कडेनं नबीसाबांची ही अकरावी फेरी होती. साडेपाच वाजून गेले होते. मागून एक रिक्षा आली, आडवी लागली आणि तिच्यातून अक्कम्मा उतरल्या. समोर त्यांचा भाऊ मांडीवर पांढरं गाठोडं घेऊन बसला होता.

"शिवा! तू जिता हैस?"

"अक्का, जरा सरक. वारं अडतंय."

सगळं समजायला पाच मिनिटं लागली. समजल्यावर अक्कम्मांनी आधी भावजयीकडे बघितलं, मग गाठोड्याकडे, मग हातातल्या गडूकडे.

"मग मी ही गंगा कुणासाठी आणली?"

शिवानंदांचं लक्ष नव्हतं. रिक्षा थांबल्यानं फोन तापला होता आणि ॲपनं काम थांबवलं होतं. नव्व्याण्णववर. घड्याळात पाच एकावन्न. टॉवेल पार वाळला होता.

"नबीसाब, पाणी हाय का?"

"बाटली अभीच खाली हुई, अण्णा."

शिवानंद तलावाकडे बघू लागले. पण काठ कुंपणापलीकडे होता आणि त्यांचे गुडघे अलीकडे. त्यांचा चेहरा असा झाला की अक्कम्मांना बघवेना. त्यांनी केसातली पिन काढली आणि गडूचं सील फोडलं.

"भावासाठी आणली हुती. त्येच्याच कामी येऊ दे," असं म्हणून त्यांनी गाठोड्यावर धार धरली.

विजयमालाबाई पदरानं वारा घालू लागल्या. पाच त्रेपन्नला काम पुन्हा सुरू झालं. चौघंही वाकून बघत होते.

१०० टक्के

"वर गेलं!" शिवानंद ओरडले.

फिरायला आलेले दोन म्हातारे थांबले. पांढरं गाठोडं, गंगाजल, डोळे पुसणाऱ्या बायका. दोघांनी चपला काढून हात जोडले. नबीसाबांनीही त्यांना मान लववून उत्तर दिलं. समजावत बसायला वेळ नव्हता, कारण फोनवर निरोप आला होता.

शिवानंदांनी तो मोठ्यानं वाचला. "मनःपूर्वक आभार. आपण तपासलेला रेणू औषधासाठी उपयोगी नाही."

टॉवेलातून पाणी ठिबकत होतं.

"म्हंजी फुकटच," विजयमालाबाई हळू आवाजात म्हणाल्या.

"कैसा फुकट, भाभी?" नबीसाब म्हणाले. "गली बंद हय बोलके मालूम हुआ ना, वोइच बडी बात. अबी उस गली में कोई नै घुसताय."

शिवानंदांनी मान वर केली. "बरोबर. ती गल्ली मी बंद केली. सोलापुरातनं."

अक्कम्मांनी विचारलं, "आन् अशा किती गल्ल्या हैत अजून?"

"चौदा लाख."

त्यांनी कमरेचा बटवा सोडला आणि रबर लावलेला बटणांचा फोन काढून पुढे केला.

"ह्योबी लाव. दुपारचं मला काय काम नसतंय. चालंल न्हवं?"

नबीसाबांनी तोंड उघडलं. शिवानंदांनी डोळ्यांनीच त्यांना गप्प केलं, फोन दोन्ही हातांनी घेतला आणि टॉवेलचा कोरडा कोपरा शोधून त्यावर अलगद ठेवला.

"किती टक्के झालं?" अक्कम्मांनी लगेच विचारलं.

"शून्य," शिवानंद म्हणाले. "पण चालू हाय की."