मनापासून मदत विभाग

एका जंगलात, मुलांनो, एक मॉल होता. जंगलात मॉल कसा, असं विचारू नका. तुमच्या गावातल्या मॉलच्या जागीही आधी जंगलच होतं.

मॉल भाऊसाहेब अस्वलांचा. तिथे साळूबाई नावाची साळिंदर अर्धा दिवस कामाला लागली. तिची पिल्लं मोठी होऊन दुसऱ्या जंगलात गेली होती. घरात बोलायला कुणी नाही. आणि अंगावर एवढे काटे म्हटल्यावर शेजारीपाजारीही दोन हात लांबच.

पहिला आठवडा ती नुसती "काय दाखवू?" म्हणत उभी राहिली. मग एके सकाळी घोरपडआजी आल्या. इकडेतिकडे बघत कुजबुजल्या, "डिंक आहे का गं? चांगला घट्ट?"

"कशाला हवाय, आजी?"

"कुणाला सांगू नकोस. परवा भिंतीवरून घसरले." आजींनी पंजे पुढे केले. "घोरपडीची पकड सुटली, मग उरलं काय?"

साळूबाईनं त्यांचे पंजे हातात घेऊन नीट पाहिले.

"पकड शाबूत आहे, आजी. नखं तेवढी बोथट झालीत. ओढ्याकाठच्या खडबडीत दगडावर रोज घासा. डिंक नको नि काही नको."

चार दिवसांनी आजी मॉलच्याच भिंतीवर सरसर चढल्या आणि छपराला उलट्या लटकून ओरडल्या, "साळू, बघ गं!"

साळूबाई इतकी हसली की तिचे दोन काटे गळाले. आजींनी खाली उतरून, काट्यांची पर्वा न करता, तिला मिठी मारली. त्या दुपारी ती गुणगुणत घरी गेली.

बातमी पसरली. रांग लागली. मोर नवी पिसं मागायला आला, तर साळूबाई म्हणाली, "थांबा की थोडं, आपोआप येतील." मोर आनंदानं नाचत, रिकाम्या हातानं परत गेला.

भाऊसाहेब भडकले. "अगं, डिंकाच्या बाटल्या काय मी चाटत बसू?"

मग त्यांची नजर रांगेवर गेली. आवाज एकदम मऊ झाला.

दुसऱ्या दिवशी पाटी लागली: 'मनापासून मदत विभाग'. साळूबाईला टोपी मिळाली, बिल्ला मिळाला आणि पाठ करायला एक कागद मिळाला. प्रत्येक गिऱ्हाइकाला दोन मिनिटं. पहिल्या मिनिटात सहानुभूती, दुसऱ्यात डिंक. मग घंटा.

घोरपडआजी नंबर लावून आल्या.

"नमस्कार. मी आपली मनापासून काय मदत करू?" साळूबाईनं वाचलं.

"काही नको गं. तुला भेटायला आले."

याचं उत्तर कागदावर नव्हतं. साळूबाई मागचीपुढची बाजू शोधत राहिली. घंटा वाजली.

"पुढचे!" तिच्याच तोंडून निघालं.

आजी गुपचूप निघाल्या. त्यांच्या हातात डिंकाची बाटली होती.

साळूबाईनं तिथल्या तिथे टोपी काढली. भाऊसाहेबांनी फॉर्म पुढे केला. 'नोकरी सोडण्याचं कारण' या रकान्यात तिनं लिहिलं, 'गिऱ्हाइकांना मदत करायची आहे.' आणि ती आजींच्या मागे धावत सुटली.

ते वाक्य वाचून भाऊसाहेबांचे डोळे पाणावले. त्यांनी ते मोठ्या अक्षरांत लिहवून घेतलं, चौकटीत बसवलं आणि विभागाच्या दारावर लावलं.

तात्पर्य: कामात अर्थ सापडला, तर तो लगेच लपवावा. मालकाला दिसला, तर तो त्याचा विभाग काढतो.